शाळेच्या संगणकाचा एसएमपीएस केव्हा बदलावा?

(रोहणा, तालुका आर्वी, जिल्हा वर्धा येथे प्राथमिक शिक्षकांच्या सभेत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

शाळेतील घड्याळ बंद पडले म्हणून वर्गाचे काम अडत नाही. उन्हाचा कवडसा पाहून चौथीतला एखादा मुलगाही बरोबर घंटा देतो. संगणकाचे तसे नाही. लहान गावाच्या प्राथमिक शाळेत संगणक बहुधा एकच चालू स्थितीत असतो. कार्यालयीन काम आजकाल शिक्षकाच्या खिशातील मोबाइलवर बरेचसे उरकते हे खरे. परंतु मुलांच्या बोटांना कळफलकाची ओळख होते ती या एकाच यंत्रावर. ते महिनाभर बंद राहिले, तर शिक्षकाची थोडी गैरसोय होते. पण ज्या मुलाच्या घरी संगणक नाही, त्याचा तो महिना परत येत नाही. म्हणून हे यंत्र कशाने बंद पडते व ते बंद पडण्यापूर्वी काय करावयाचे, हा विषय केवळ मेकॅनिकवर सोपवून चालणार नाही.

संगणकाचा जो भाग सर्वांत आधी थकतो, त्याला बाजारात एसएमपीएस म्हणतात. खेड्यात सबंध उभ्या पेटीलाच ‘सीपीयू’ म्हणण्याचा प्रघात आहे. त्या पेटीच्या मागील बाजूस जेथे विजेची दोर खोचतात, त्याच्या आत एक पत्र्याची लहान डबी असते व तिला स्वतःचा पंखा असतो. ती डबी म्हणजे एसएमपीएस. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची उलटसुलट वाहणारी वीज घेऊन ती संगणकास मानवेल अशा १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या एकदिश विजेत रूपांतरित करणे हे तिचे काम. संगणकाचा प्रत्येक भाग हिच्या हातचेच खातो. म्हणूनच हिचे बिघडले तर नुकसान हिच्यापुरते राहील असे नाही. जाता जाता ती मदरबोर्ड किंवा हार्ड डिस्क यांनाही घेऊन जाऊ शकते.

या डबीबाबत दोन प्रकारच्या चुका घडतात. काही शाळांत ती जळेपर्यंत वापरली जाते आणि शेवटी सबंध संगणक निकामी होतो. काही शाळांत याच्या उलट घडते: संगणक एकदा-दोनदा आपोआप बंद झाला की ‘एसएमपीएस गेला’ असा निकाल मिळतो, चांगला एसएमपीएस काढून नवा बसविला जातो आणि दोष तसाच राहतो, कारण तो दुसरीकडेच असतो. पहिली चूक आळसाची म्हणावी व दुसरी घाईची. तुटपुंज्या अनुदानावर चालणाऱ्या शाळेला दोन्ही सारख्याच महाग पडतात.

डबी थकते म्हणजे नेमके काय होते, हे समजण्यासाठी जुन्या मोटेची आठवण करावी. मोट विहिरीतून थांबून थांबून वर येते; तिचे पाणी थारोळ्यात पडते आणि थारोळ्यातून पाटाला संथ, अखंड धार लागते. मोट थांबली तरी पाट क्षणभर आटत नाही, कारण मधे थारोळे आहे. एसएमपीएसमध्ये हे थारोळ्याचे काम कपॅसिटर करतो. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात यालाच धारित्र म्हटले आहे. भिंतीतील वीज आत आल्यावर प्रथम एकदिश होऊन सुमारे ३२५ व्होल्टच्या दाबाने एका मोठ्या कपॅसिटरमध्ये साठते. मग तिचे सेकंदाला हजारो वेळा तुकडे पाडून ती एका लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून नेली जाते आणि दुसऱ्या बाजूस लहान कपॅसिटरांच्या रांगेत पुन्हा शांत केली जाते. इतक्या वेगाने तुकडे पाडल्यामुळेच ट्रान्सफॉर्मर लहान पुरतो. एरवी एवढ्या शक्तीसाठी लोखंडी पट्ट्यांचा जड ट्रान्सफॉर्मर लागला असता.

आता, या कपॅसिटरांच्या पोटात एक द्रव असतो. उष्णतेने तो हळूहळू आटतो. थारोळ्याला चिरा पडल्या म्हणजे पाटाची धार जशी उसळ्या घेऊ लागते, तसे कपॅसिटर सुकला की संगणकाला मिळणारी वीज थरथरू लागते. काही कपॅसिटरांचे माथे फुगतात, काहींतून तपकिरी चिकट द्रव झिरपतो. १९९९ ते २००७ च्या सुमारास जगभरच्या बाजारात सदोष द्रवाचे कपॅसिटर मोठ्या प्रमाणावर गेले होते व त्यामुळे असंख्य संगणक अकाली निकामी झाले. त्या काळातील एखादे यंत्र अजून चालू असेल, तर त्याकडे अधिक संशयाने पाहावे.

कपॅसिटरच्या अंगावर त्याची उष्णतेची मर्यादा छापलेली असते आणि निर्माता त्याचे आयुष्य तासांत सांगतो. उदाहरणार्थ, १०५ अंशांवर २,००० तास. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी उतरले की आयुष्य दुप्पट होते. म्हणजे ९५ अंशांवर ४,००० तास, ८५ वर ८,०००, ७५ वर १६,००० आणि ६५ अंशांवर ३२,००० तास. हे गणित फळ्यावर मांडून मुलांकडून करवून घेण्यासारखे आहे. आता शाळेकडे वळू. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीच्या वर्गांना वर्षात किमान २२० दिवस काम करावयाचे असते. संगणक रोज चार तास चालला असे धरले, तरी वर्षाचे ८८० तासच होतात. या हिशेबाने डबी ६५ अंशांवर राहिली तर कपॅसिटर छत्तीस वर्षे टिकावा आणि पंखा तुंबून ती ८५ अंशांवर गेली तर नऊ वर्षांत संपावा. प्रत्यक्षात इतका नेमकेपणा नसतो. स्वस्त डब्यांत कमी प्रतीचे कपॅसिटर असतात आणि वाहणारी वीज त्यांना आतूनही तापविते. परंतु डबीचे वय पंचांगावरून मोजावयाचे नसून तिने सोसलेल्या उष्णतेवरून मोजावयाचे असते, एवढे या हिशेबातून स्वच्छ दिसते.

येथेच एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. १९९५ पासून रूढ झालेल्या एटीएक्स पद्धतीच्या संगणकात, पडद्यावरून ‘शट डाउन’ केल्यावरही एसएमपीएसचा एक लहान भाग जागाच राहतो. कळ दाबताच संगणक सुरू व्हावा म्हणून तो ५ व्होल्टची वीज सतत पुरवीत असतो. भिंतीवरील बटण बंद केले नाही, तर हा भाग दिवाळीच्या सुट्टीत, उन्हाळ्याच्या सुट्टीत, रविवारी, रात्री, वर्षाचे ८,७६० तास जागतो. वर्गाने वापरलेले तास ८८० आणि हे ८,७६०! बंद संगणकाची डबी चालू संगणकाइतकी तापत नाही हे मान्य. पण या दहापट जागरणामुळे नेमके याच भागातील लहान कपॅसिटर आधी सुकतात आणि मग सकाळी कळ दाबूनही संगणक उठत नाही. शाळा सुटताना भिंतीवरील बटण बंद करणे, ही या विषयातील सर्वांत स्वस्त दुरुस्ती होय. मृगाच्या गडगडाटात तर दोरच भिंतीतून उपसून ठेवावी.

वर्धा जिल्ह्याचा उन्हाळा ४५ अंशांच्या पलीकडे जातो, हे वेगळे सांगावयास नको. त्यात धूळ. रोहण्याचा परिसर कापसाचा आहे. वेचणीच्या दिवसांत वाऱ्यावर तरंगणारा तंतू खिडकीतून येतो आणि एसएमपीएसचा पंखा तो आत ओढून घेतो. खडूची पूड त्यावर बसते व काही वर्षांत पंख्याच्या जाळीवर चांगले नमद्यासारखे अस्तर तयार होते. हवा खेळेनाशी झाली की पंख्याच्या बेअरिंगमधले तेल सुकते, पंखा प्रथम घरघरतो, मग अडखळतो, मग थांबतो. शिवाय उबेसाठी पालीही आत शिरतात. उघड्या तारांवर आडवी पडलेली एक पाल सबंध डबी जाळू शकते. म्हणून संगणकाच्या मागील मोकळ्या पट्ट्या झाकलेल्या असाव्यात आणि पेटी फळ्याखाली न ठेवता जमिनीपासून वीतभर उंच ठेवावी. वर मखमली आच्छादन घालून, त्याला हळदकुंकू लावून, आच्छादनासकट संगणक सुरू करण्याची हौस मात्र आवरली पाहिजे.

आता बदलण्याचा निर्णय कसा करावा ते पाहू. समजा, एका द्विशिक्षकी शाळेत आठ-नऊ वर्षांचा संगणक आहे. विदर्भातील शाळा जूनच्या उत्तरार्धात उघडतात. पहिल्या दिवशी कळ दाबली. संगणक उठला नाही. तिसऱ्या वेळी उठला. चार दिवस बरा चालला. पाचव्या दिवशी मुले चित्रफीत पाहत असता तो आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला. येथे शिक्षकाने काय करावे? पहिले काम एकच: एका वहीत तारीख, वेळ, त्या वेळी काय चालले होते आणि काय घडले, हे लिहून ठेवावे. मेकॅनिक तालुक्याच्या गावाहून येतो. तो येतो तेव्हा संगणक हटकून शहाण्यासारखा वागतो. रोज जवळ असणाऱ्या माणसाने लिहिलेल्या चार ओळी त्याच्या तासाभराच्या तपासणीपेक्षा अधिक सांगतात. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यास भरलेल्या परिषदेतून नई तालीमचा विचार पुढे आला. त्या शिक्षणात चरख्याला तेलपाणी करणे, त्याची कुरकुर कशाने होते ते शोधणे, हा पाठाचाच भाग मानला जाई. सातवीतील दोन मुलांकडे ही वही सोपविली, तर त्याच जिल्ह्यात काही नवे घडले असे म्हणावयाचे कारण नाही.

दुसरे काम, दोष डबीच्या बाहेर तर नाही ना हे पाहणे. शाळेत यूपीएस असेल, तर संशयाचा पहिला धनी तोच. त्यातील बॅटरी साधारणतः तीन-चार वर्षांत दुबळी होते. ओलिताचे पंप सुरू झाले व विजेचा दाब घसरला, की दुबळा यूपीएस क्षणभर हात टेकतो आणि संगणक पुन्हा सुरू होतो. खापर मात्र एसएमपीएसवर फुटते. चार दिवस यूपीएस बाजूला ठेवून, विजेचा दाब बरा असताना, संगणक सरळ भिंतीवरून चालवून पाहावा. दोष नाहीसा झाला तर बॅटरी बदलावी, डबी नव्हे. तीन खुंट्यांची दोर सॉकेटमध्ये सैल बसते काय, बटणातून चरचर आवाज येतो काय, हेही पाहावे. काही जुन्या डब्यांच्या पाठीवर एक लाल सरकते बटण असते व त्यावर ११५ आणि २३० हे आकडे असतात. ते २३० वरच असले पाहिजे. एखाद्या जिज्ञासू बोटाने ते ११५ वर सरकविले आणि कळ दाबली, की आतील कपॅसिटरांवर दुप्पट दाब येऊन मोठा आवाज होतो व डबी तत्काळ संपते. त्या बटणावर चिकटपट्टी लावून ठेवणे शहाणपणाचे.

अर्थिंगविषयी थोडे विस्ताराने सांगणे प्राप्त आहे. संगणकाच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, ही तक्रार पुष्कळ शाळांतून येते. आणि तेवढ्यावरून एसएमपीएस बदलला जातो. वस्तुस्थिती अशी की या डबीत विजेतील खरखर जमिनीत सोडण्यासाठी दोन लहान कपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंगची तार नीट असेल, तर ती किंचित वीज निमूटपणे जमिनीत जाते. अर्थिंग नसेल, किंवा तीन खुंट्यांच्या दोरीस दोन खुंट्यांचा जोड लावलेला असेल, तर ती पत्र्यावरच थांबते व हात लावणाऱ्याच्या अंगातून वाट काढते. निर्दोष डबीतही हे घडते. नवी डबी बसविली तरी झिणझिण्या जाणार नाहीत. विदर्भाच्या उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यातील माती कोरडी पडते आणि तार असूनही नसल्यासारखी होते. खड्ड्यात मीठ, कोळसा व पाणी यांची भर घालून, वायरमनकडून अर्थिंग तपासून घेणे हा त्यावरील उपाय आहे. तोवर मुलांना पत्र्याला हात लावू देऊ नये. कारण उद्या खरोखरीच विजेची तार पत्र्याला टेकली, तर अर्थिंगवाचून तिला अडविणारे काही नाही.

तिसरे काम, दोष संगणकाच्या आत पण डबीबाहेर आहे काय, हे पाहणे. दररोज तारीख मागे जात असेल व संकेतस्थळे उघडत नसतील, तर मदरबोर्डवरील रुपयाएवढी ३ व्होल्टची बॅटरी संपली आहे. तिला किंमत फारशी पडत नाही. दहा मिनिटे चालून संगणक बंद पडत असेल, तर प्रोसेसरवरचा पंखा धुळीने भरला असण्याचा संभव अधिक. सुरू होताच बीप-बीप असा आवाज येत असेल, तर रॅमची पट्टी काढून, तिची सोनेरी कडा पुसून पुन्हा बसविल्याने काम भागते. ही कामे दोर उपसून, मेकॅनिकच्या हातून करून घ्यावीत.

इतके सारे झाल्यावरही वहीतील नोंदी थांबल्या नाहीत, तर मग डबीवर नजर वळवावी. मल्टिमीटरने मोजावयाचे ते संगणक चालू असता, काम करीत असता. डबीतून निघणाऱ्या एखाद्या मोकळ्या जोडणीत पिवळ्या आणि काळ्या तारेमध्ये ११.४० ते १२.६० व्होल्ट, तांबड्या आणि काळ्या तारेमध्ये ४.७५ ते ५.२५ व्होल्ट मिळावयास हवेत. नारिंगी तारेवर ३.१४ ते ३.४७. मापे मेकॅनिकने घ्यावीत आणि आकडे शिक्षकाने वहीत उतरवून घ्यावेत. आकडा या मर्यादेबाहेर गेला, तर डबी सदोष आहे यात शंका उरत नाही. आकडा बरोबर आला म्हणून मात्र ती निर्दोष ठरत नाही. साधा मल्टिमीटर सरासरी दाखवितो आणि सुकलेल्या कपॅसिटरची थरथर त्यात दिसत नाही. डबी संगणकापासून सोडवून, हिरवी तार काळ्या तारेला जोडून ‘पाहा, पंखा फिरतो’ असे दाखविण्याची जी रीत आहे, तिच्यावरून डबी जिवंत आहे एवढेच कळते. ती ओझे उचलू शकते की नाही, ते कळत नाही. बैल उभा आहे म्हणजे तो नांगराला चालेल असे थोडेच आहे?

खरी परीक्षा अदलाबदलीची. केंद्रातील दुसऱ्या शाळेचा, किंवा मेकॅनिकजवळचा, चांगला म्हणून माहीत असलेला एसएमपीएस आठवडाभर बसवून पाहावा. वहीतील नोंदी थांबल्या तर निकाल लागला. नाही थांबल्या, तर पैसे वाचले. मात्र नामांकित कंपन्यांच्या तयार संगणकांत डबीचा आकार व जोडणी पुष्कळदा निराळी असते. दिसावयास सारखी पण आतून निराळ्या क्रमाने तारा असलेली जोडणी काही जुन्या यंत्रांत आढळते. तेथे साधी डबी जोडली तर मदरबोर्ड जळू शकतो. अशा यंत्राला त्याच्या नमुना-क्रमांकाची डबीच मागवावी.

काही चिन्हे अशी आहेत की त्यांना वही, तपासणी, अदलाबदल यांतले काहीच लावावयाचे नाही. जळका वास आला, धूर दिसला, डबीतून तडतड ऐकू आली, संगणक सुरू करताच शाळेचा एमसीबी पडला, किंवा डबीचा पंखा थांबला, तर त्याच क्षणी भिंतीवरील बटण बंद करावे आणि ती डबी पुन्हा वापरू नये. ‘आज एवढी माहिती भरून घेऊ, उद्या पाहू’ हा विचार येथे घातक आहे.

आणि डबी उघडण्याचा मोह कोणीही करू नये. दोर उपसल्यावरही आतील मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्टचा दाब काही काळ टिकून राहू शकतो व तो प्राणावर बेतू शकतो. पंखा स्वच्छ करावयाचा तो बाहेरून, मऊ कुंच्याने किंवा हवेच्या झोताने. फुगलेला कपॅसिटर शोधावयाचा तो जाळीतून विजेरीच्या उजेडात. आतली दुरुस्ती जाणत्या कारागिराकडूनच व्हावी. आणि स्वस्त डबीच्या बाबतीत ती करून घेण्यात अर्थही नसतो.

मग निव्वळ वयावरून बदल करावा की नाही? एक व्यवहारी मर्यादा सांगता येते. नाव-गाव नसलेली हलकी डबी पाच वर्षे चालली तर तिने आपले दाम फेडले असे समजावे आणि त्यानंतर पहिल्या संशयालाच ती बदलावी. चांगल्या कंपन्या तीनपासून दहा वर्षांपर्यंत हमी देतात. ती मुदत हाच त्या डबीच्या वयाचा प्रामाणिक अंदाज मानावा. मुदत संपली पण वहीत एकही नोंद नाही, तर केवळ वर्षे झाली म्हणून पैसे खर्च करू नयेत. त्याऐवजी शाळेच्या सर्व नोंदींची प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर काढून ती कपाटात ठेवावी. डबी बाजारात पुन्हा मिळते. पाच वर्षांचे निकालपत्रक मिळत नाही. दीर्घकाळ पडून राहिलेल्या यंत्राबाबत मात्र सावध असावे. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे शाळा बंद झाल्या तेव्हा कुलपात गेलेली काही यंत्रे अजूनही झाकलेली असतील. कपॅसिटर वर्षानुवर्षे विजेवाचून राहिला की त्याच्या आतील संरक्षक थर क्षीण होतो. असे यंत्र प्रथम सुरू करताना मुले दूर असावीत आणि मेकॅनिक जवळ असावा.

एक प्रश्न याआधीच विचारावयास हवा होता, परंतु तो निर्णयाच्या वेळीच खरा सुचतो. ज्या संगणकासाठी नवी डबी घ्यावयाची, तो स्वतः आणखी किती दिवसांचा? विंडोज १० ला मिळणारा नियमित निःशुल्क आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. पुष्कळ जुनी यंत्रे त्यापुढील आवृत्ती घेऊ शकत नाहीत. अशा यंत्रावर लिनक्स बसवून टंकलेखन, चित्रकला, शैक्षणिक खेळ यांसाठी ते आणखी काही वर्षे सुखाने वापरता येते. त्या वेळी नवी डबी सार्थकी लागते. पण मदरबोर्डवरचेही कपॅसिटर फुगले असतील, तर त्यात नवी डबी घालणे म्हणजे कोसळत्या भिंतीला नवे दार बसविणे होय. तेथे निर्लेखनाचा प्रस्ताव करणेच योग्य. डबी सर्वसाधारण एटीएक्स मापाची असेल, तर ती पुढे दुसऱ्या संगणकातही चालते, हा तिचा एक गुण आहे.

खरेदीविषयी थोडक्यात. समग्र शिक्षेच्या निकषांप्रमाणे ३० पर्यंत पटाच्या शाळेस वर्षाला १०,००० रुपये व ३१ ते १०० पटाच्या शाळेस २५,००० रुपये संयुक्त शाळा अनुदान ठरविलेले आहे, आणि त्यातच खडू, वीजबिल, स्वच्छता, दुरुस्ती असे सारे बसवावयाचे असते. म्हणून काही शे रुपयांच्या डबीचा मोह स्वाभाविक आहे. परंतु हलक्या डबीवर ४५० वॅट छापलेले असले, तरी तो आकडा विश्वासाचा नसतो. डबीच्या कागदावर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे व गुणाकार करावा. १८ अँपिअर असतील तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅट. शाळेचा साधा संगणक, पडदा सोडून, शंभर वॅटच्या आतबाहेरच वीज घेतो. तेव्हा प्रामाणिक ३०० वॅटची डबी पुरेशी आहे. ‘८० प्लस’ ही खूण २००४ पासून वापरात आहे. २०, ५० व १०० टक्के भारावर डबी घेतलेल्या विजेपैकी किमान ८० टक्के वीज संगणकाला पोचविते, असा तिचा मूळ अर्थ. उरलेली वीज उष्णता होऊन वाया जाते. म्हणजे खूण असलेली डबी कमी तापते आणि म्हणून अधिक टिकते. दोन-तीन हजारांची अशी डबी सात-आठ वर्षे गेली, तर दर दोन वर्षांनी बदलावी लागणारी स्वस्त डबी, मेकॅनिकची फेरी आणि बुडालेले तास यांच्या मानाने ती खचित स्वस्त पडते. पावतीवर हमीची मुदत लिहून घेण्यास विसरू नये.

नवी डबी बसविल्यावर तिच्या पत्र्यावर न पुसणाऱ्या शाईने तारीख लिहावी आणि तीच तारीख जडवस्तू संग्रह नोंदवहीत यावी. शिक्षकांच्या बदल्या होतात. पाच वर्षांनी येणाऱ्या शिक्षकाला त्या तारखेवाचून काही कळावयाचे साधन नाही. काढलेली जुनी डबी भंगारवाल्याला विकू नये. तिच्या डाखात शिसे असू शकते आणि तांब्यासाठी तारा जाळल्या की विषारी धूर होतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे ती नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जावयास हवी. सबब निर्लेखन होईपर्यंत केंद्रातील साऱ्या शाळांच्या जुन्या डब्या एका ठिकाणी जमा करून ठेवणे सोयीचे होईल. तोवर प्रत्येक शाळेने आपली जुनी डबी कपाटात, कुलपाखाली, ‘सदोष – उघडू नये’ अशी चिठ्ठी लावून ठेवावी. कारण आत चुंबक असेल या आशेने ती फोडून पाहणारा मुलगा प्रत्येक शाळेत असतोच.